नवे पिस्तूल, जड चाप : हात केव्हा लावायचा?

परवाना मिळतो, पिस्तूल घरी येते आणि पहिल्या आठवड्यातच तक्रार सुरू होते: 'चाप फार जड आहे, बोट दुखते, नेम हलतो.' मग कोणीतरी ओळखीचा मिस्त्री सुचवतो, कोणी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतो. 'अर्ध्या तासाचे काम, लोण्यासारखा चालेल' अशी हमीही मिळते. इथेच थांबून विचार करायला हवा. नव्या शस्त्राच्या चापात बदल करायचा का, आणि करायचा तर केव्हा?

इतवारीसारख्या बाजारपेठेत हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. सराफा ओळ, किराणा ओळ, मस्कासाथ आणि शेजारचे गांधीबाग हा नागपूरच्या घाऊक व्यापाराचा गाभा आहे. दागिने आणि रोकड यांची रोज ने-आण करणारा व्यापारी स्वसंरक्षणासाठी परवाना मागतो, यात नवल नाही. पण खाली दुकान, वर घर, जिन्यात मुले आणि दारासमोर माणसांची दाटी अशा वस्तीत सुटलेली एक गोळी कोणाला लागेल याचा नेम नसतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीवर सोडता येत नाही.

थोडक्यात उत्तर असे. पहिल्या दिवशी कधीच नाही. खरा बिघाड असेल तर त्याच दिवशी शस्त्र बंद करून अधिकृत दुरुस्तीला. आणि स्वसंरक्षणाच्या शस्त्रात केवळ 'मऊ वाटावा' म्हणून, शक्यतो कधीच नाही. हे का, ते समजून घेऊ.

चाप जड म्हणजे नेमका किती?

चाप म्हणजे ट्रिगर. तो मागे ओढून गोळी सुटेपर्यंत बोटाला जेवढा जोर लावावा लागतो, तो त्याचा भार. हा भार ग्रॅम, किलो किंवा पौंडात मोजतात. १ पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चापाला फक्त तो सोडण्याचे काम उरते. तेव्हा चाप हलका लागतो आणि थोडासाच सरकतो. घोडा न ओढता थेट चाप दाबला तर त्याच एका ओढीत घोडा मागे जातो, चक्री फिरते आणि शेवटी घोडा सुटतो. साहजिकच ही ओढ लांब आणि जड असते. अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये ती साडेचार-पाच किलोंच्या घरात जाते. नव्या ग्राहकाला जे जड वाटते ते बहुधा हेच. तो दोष नसून तशी रचनाच असते.

चाप हा सुटा भागही नाही. त्याच्यामागे घोडा किंवा स्ट्रायकर, त्याला अडवून धरणारा सिअर हा लहानसा तुकडा, दोन-तीन स्प्रिंगा आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय गोळी सुटू नये म्हणून बसवलेले अडसर अशी साखळी असते. तिच्या पृष्ठभागांचे कोन आणि स्प्रिंगांचा ताण कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असतात. एक कडी सैल केली की दुसरीवर भार येतो. घड्याळ पुढे जाते म्हणून त्याचे एखादे चाक घासून बारीक करावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे चूक झाली तर वेळ चुकत नाही, जीव जातो.

हलका चाप हवासा का वाटतो?

या मागणीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पिस्तूल वजनाने हलके आणि चाप त्याच्या मानाने फार जड असेल, तर ओढताना नळीचे तोंड डावीउजवीकडे सरकते. त्यात नेम चुकला तर गोळी तिसऱ्यालाच लागू शकते.

न्यूयॉर्क पोलिसांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. नकळत गोळी सुटू नये म्हणून तिथे पोलिसांच्या पिस्तुलांना सुमारे १२ पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोंचा चाप ठेवण्यात आला होता. ग्लॉक कंपनीच्या नेहमीच्या पिस्तुलात हा भार त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका बंदूकधाऱ्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा गोळ्या आणि त्यांचे तुकडे लागून वाटेवरचे ९ जण जखमी झाले. गर्दी, जवळचे अंतर, काही क्षणांत घ्यावा लागलेला निर्णय अशी अनेक कारणे त्यामागे होती. पण इतका जड चाप योग्य आहे का, ही चर्चा त्यानंतर जोरात झाली.

तेव्हा 'जितका जड तितका सुरक्षित' हेही पूर्ण खरे नाही. मात्र या उदाहरणातून 'मिस्त्रीकडून घासून घ्या' असा अर्थ काढता येत नाही. तिथे वाद होता तो एका पोलीस दलाने सर्वांसाठी ठरवलेल्या आणि शस्त्र बनवणाऱ्या कंपनीनेच पुरवलेल्या भागांचा. कोणा एकाने खासगीत केलेल्या कारागिरीचा तो नव्हता.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका माणसाच्या शरीरात आहे. अचानक दचकल्यावर हाताची मूठ आपोआप आवळली जाते. पाय घसरला, तोल गेला, तरी तसेच होते. एका हाताने कोणाला ढकलताना किंवा शटर ओढताना दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आखडतात. अशा वेळी चापावर बोट असेल, तर त्याचा भार आणि त्याचा प्रवास एवढाच काय तो अडसर उरतो. रेंजवर शांतपणे उभे राहून 'छान' वाटलेला हलका चाप मध्यरात्री दार वाजल्यावर तसाच छान राहत नाही.

दुसरा धोका ठेवण्याच्या जागेत आहे. पिस्तूल गल्ल्यात, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी टाकायची सवय अनेकांना असते. होल्स्टरशिवाय ठेवलेल्या शस्त्राच्या चापात किल्ली, पेन, पिशवीचा बंद, काहीही अडकू शकते. चाप जितका हलका, तितकी ही अडक घातक.

तिसरा धोका यंत्राचा, आणि तो सहसा लक्षात येत नाही. गोळी सुटायला चाप ओढलाच पाहिजे असे नाही. अभिनेता गोविंदा यांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूच्या घरी हेच घडले. परवाना असलेले रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. शस्त्र पडले तरी गोळी सुटू नये यासाठीचे आतले अडसर किती मोलाचे असतात, हे या एका घटनेतून कळते. चाप हलका करण्याच्या नादात सिअरची पकड कमी झाली किंवा अडसराची स्प्रिंग कमजोर झाली, तर पहिला बळी जातो तो याच संरक्षणाचा.

हे काम भल्या भल्या कारखान्यांनाही सोपे नाही. अमेरिकेतील सिग सॉवर कंपनीचे पी-३२० पिस्तूल ठरावीक कोनात पडले तर गोळी सुटू शकते, असे २०१७ मध्ये चाचण्यांत दिसले. पडल्याच्या धक्क्याने चाप स्वतःच्याच वजनाने मागे सरकत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने ग्राहकांच्या पिस्तुलांत सुधारणा करून देण्याची योजना जाहीर केली आणि आतले काही भाग हलक्या वजनाचे बसवले. अभियंते, प्रयोगशाळा आणि चाचण्यांची यंत्रणा हाताशी असलेल्या कंपनीच्या नजरेतून जे सुटले, ते कानशीने काम करणाऱ्या माणसाच्या नजरेला दिसेल अशी अपेक्षा कशी ठेवायची?

दोष चापाचा की हाताचा?

बदल करण्याआधी हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे, आणि ते ठरवण्याची पद्धत सोपी आहे. रेंजवर प्रशिक्षक मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर एखादे नकली काडतूस मिसळतो. ते कितवे आहे हे नेमबाजाला माहीत नसते. नकली काडतुसावर चाप ओढला जातो तेव्हा धमाका होत नाही, पण पिस्तुलाचे तोंड खाली झुकताना स्पष्ट दिसते. याचा अर्थ हात धक्क्याच्या भीतीने आधीच दचकतो आहे. हा दोष कोणताही चाप बदलून जात नाही. उलट हलक्या चापाने तो झाकला जातो.

दुसरी तपासणी पकडीची. हात लहान आणि मूठ जाड असेल तर बोट चापावर नीट पोहोचत नाही, टोकानेच ओढावे लागते आणि चाप आहे त्याहून जड वाटतो. इथे मुठीच्या पट्ट्या बदलणे हा साधा आणि चापाच्या यंत्रणेला धक्का न लावणारा उपाय असतो. काही पिस्तुलांसोबत वेगवेगळ्या मापाच्या पट्ट्या मिळतात.

तिसरी गोष्ट वेळेची. नव्या शस्त्रावर कारखान्यातून येताना जाड संरक्षक तेल असते, भाग एकमेकांना रुळलेले नसतात. माहितीपुस्तिकेप्रमाणे साफसफाई, तेलपाणी आणि काही काळ वापर झाल्यावर चाप थोडा सुधारतो. परदेशी शौकीन यासाठी शेकडो गोळ्या झाडून पाहण्याचा सल्ला देतात. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होत नाही. वर्षाला किती काडतुसे घ्यायची आणि एका वेळी किती बाळगायची, याला परवान्याची मर्यादा असते. त्यामुळे इथल्या परवानाधारकाची खरी अडचण चापाची नसते, सरावाच्या तुटवड्याची असते. वर्षात दहा गोळ्याही न झाडणाऱ्याला कोणताही चाप परकाच वाटणार.

यावर उपाय म्हणजे रिकाम्या शस्त्राचा सराव. प्रशिक्षकाकडून शिकून, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला धरून चाप ओढण्याचा सराव करता येतो. मात्र काही शस्त्रे, विशेषतः .२२ बोअरची जुनी शस्त्रे, रिकामी चालवल्याने खराब होऊ शकतात. म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहावी किंवा सरावाची नकली काडतुसे वापरावीत.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ५ शस्त्रांची निर्मिती आणि विक्री यांच्याबरोबरच रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यांसाठीही परवाना बंधनकारक करते. पिस्तूल बाळगण्याचा परवाना वेगळा आणि ते दुरुस्त करण्याचा वेगळा. लेथ मशीनवर हात बसलेला असला, तरी परवाना नसलेल्या कारागिराला हे काम करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 'अर्ध्या तासाचे काम' या शब्दांमागे एवढा मोठा धोका दडलेला असतो.

कायद्यात प्रतिबंधित शस्त्राची एक व्याख्या तर थेट चापाशी जोडलेली आहे. चाप दाबून ठेवला असताना गोळ्या सुटतच राहतील, असे शस्त्र मुळात तसे बनवलेले असो वा नंतर तसे बदललेले, ते प्रतिबंधित ठरते. सिअरमध्ये चुकीची घासाघीस झाली की एका ओढीत दोन-तीन गोळ्या सुटण्याचा बिघाड होऊ शकतो. मालकाचा हेतू काहीही असला, तरी असे शस्त्र घेऊन पोलिसांसमोर उभे राहणे सोपे नाही.

आणखी एक बाजू न्यायालयातली. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये मान्य केलेला आहे. पण बळ गरजेपुरतेच वापरायचे, ही त्याची अट आहे. गोळी चालली की शस्त्र न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. चाप मूळ स्थितीत नाही असे अहवालात आले, तर 'गोळी जाणूनबुजून झाडली की हलक्या चापामुळे सुटली' हा प्रश्न विचारला जाणारच. सुटली म्हणावे तर निष्काळजीपणा अंगाशी येतो. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या शस्त्राने जीव वाचवायचा, त्याच्याच चापामुळे बचावाची बाजू लंगडी पडावी, हे कोणालाच परवडणारे नाही.

मग खेळाडूंचे काय?

नेमबाजीच्या खेळात चापाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर नियमपुस्तकातच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा, तर २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा हवा. तपासणीत पिस्तुलाचे तोंड वर धरून चापाला तेवढे वजन लटकवतात; चापाने ते पेलले पाहिजे. त्यापेक्षा हलका निघाला तर खेळाडू बाद होऊ शकतो. म्हणूनच अनुभवी खेळाडू मर्यादेच्या थोडा वरच चाप ठेवतात.

स्पर्धेच्या पिस्तुलांत भार, लांबी आणि चापाची जागा ठरवण्यासाठी कंपनीनेच स्क्रू दिलेले असतात. माहितीपुस्तिकेप्रमाणे ते फिरवणे म्हणजे जुळवणी. भाग घासणे, स्प्रिंग कापणे किंवा अडसर काढणे म्हणजे फेरफार. या दोन शब्दांतला फरक नव्या खेळाडूने आणि त्याच्या पालकांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावा.

नियम सगळ्यांना सारखाच असतो, फरक हात पाडतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. अंतिम लढत ३४-३४ अशी बरोबरीत सुटली आणि निकाल शूट-ऑफवर लागला. प्रतिस्पर्ध्याच्या हातातही किमान एक किलोच्याच नियमाचा चाप होता.

खेळाडूंसाठी आणखी एक पथ्य: स्पर्धेच्या तोंडावर पिस्तुलात काहीही बदलू नये. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिच्या पिस्तुलाचा लिव्हर पात्रता फेरीच्या मध्येच तुटला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तो बदलाचा नव्हे, बिघाडाचा प्रसंग होता. पण यंत्र ऐन वेळी दगा देते तेव्हा काय किंमत मोजावी लागते, हे त्यातून दिसले. नवा बसवलेला प्रत्येक भाग सरावात पारखलेला असावा, तो याचसाठी.

निर्णय केव्हा घ्यायचा?

सगळे मुद्दे एकत्र केले तर क्रम असा लागतो.

घोडा आपोआप पडतो, चाप ओढल्यावर पुढे परत येत नाही, एका ओढीत दोन गोळ्या सुटतात किंवा सेफ्टी लावूनही चाप चालतो, असे काहीही दिसले तर वाट पाहू नये. शस्त्र रिकामे करावे, वापर थांबवावा, परवानाधारक विक्रेत्याला किंवा निर्मात्याला कळवावे. ही दुरुस्ती आहे आणि ती आजच हवी.

चाप फक्त जड वाटत असेल तर आधी साफसफाई, मग पकड, मग प्रशिक्षकासमोर सराव. काही महिन्यांच्या नियमित सरावानंतर प्रशिक्षकही म्हणाला की अडचण यंत्राचीच आहे, तरच पुढचा विचार. तोही दुरुस्तीचा परवाना असलेल्या ठिकाणी, निर्मात्याचेच मूळ भाग वापरून आणि कामाची लेखी पावती घेऊन. कोणताही अडसर काढायचा नाही आणि निर्मात्याने ठरवलेल्या भाराच्या खाली जायचे नाही. एवढे करूनही चाप झेपत नसेल, तर ते शस्त्र त्या हातासाठी नाही असे समजून कायदेशीर मार्गाने दुसरे घेणे अधिक शहाणपणाचे.

जबाबदारी एकट्या मालकाची नाही

शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. कागदावर ही तरतूद चांगली आहे. पण एकदा शिकलेले पुढे किती टिकते? परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे. त्याचे नूतनीकरण हे केवळ कागदपत्रांचे काम राहू नये. त्या वेळी चापाचा भार, सेफ्टी आणि अडसर यांची तपासणी आणि थोडा उजळणीचा सराव झाला, तर बरेच अपघात आधीच टळतील. चापाचा भार मोजायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. साधा वजनकाटाही पुरतो.

विक्रेत्यांनीही शस्त्र विकताना 'चाप जड वाटेल, ते योग्यच आहे' हे एक वाक्य ग्राहकाला सांगायला हवे. आणि इतवारीतल्या व्यापारी संघटनांना परवानाधारक सदस्यांसाठी वर्षातून एकदा सरावाचे शिबिर भरवणे अवघड नाही.

व्यापाऱ्याला तराजूची भाषा कळते. एका पारड्यात बोटाला मिळणारा थोडा आराम, दुसऱ्या पारड्यात जिन्यातली मुले, दारासमोरची गर्दी आणि सात वर्षांची शिक्षा. कोणते पारडे जड, हे इतवारीत कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.